वस्ती आढळली नाही

खडशेत हे गाव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे, असं तिथल्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. ते अर्धं खरं आहे. घरं दोन्ही काठांवर आहेत, गाव मात्र एकाच काठावर आहे. अलीकडे बाजार, ग्रामपंचायत, बँकेची शाखा, बियर शॉपी, मोबाईलचा टॉवर आणि डहाणूहून येणाऱ्या एसटीला वळायला पुरेल एवढं मैदान. पलीकडे करंजपाडा. एसटी तिकडे वळत नाही, कारण वळण्यासाठी आधी पोचावं लागतं. नदीला नाव आहे म्हणतात, पण ते तहसील कचेरीच्या नकाशात. गावात तिला नुसतं नदी म्हणतात. दुसरी नसल्यामुळे आजवर कुणाचा घोटाळा झालेला नाही.

अलीकडच्या खडशेतला आपण शहर आहोत असं वाटतं. इथला वाणी गुजरातीत विचार करतो, मराठीत भाव सांगतो आणि उधारी मागताना हिंदीवर येतो. पलीकडची माणसं त्याच्याशी बाजारात मराठी बोलतात, घरी आपली बोली बोलतात आणि उरलेलं पोटात ठेवतात.

आता लोकसंख्या. खडशेतची माणसं आजवर पुष्कळदा मोजली गेली, पण मोजणाऱ्याने नदी ओलांडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मोजणारा ग्रामपंचायतीत पंख्याखाली बसतो आणि मोजली जाणारी माणसं त्याच्याकडे चालत येतात. यात करंजपाड्याला कधी काही वावगं वाटलं नाही. सरकारी काम म्हणजे कचेरीत जायचं, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. साहेब आला असं कळलं की अंघोळी होतात, ठेवणीतला सदरा निघतो, कपडे डोक्यावर धरून अख्खा पाडा नदी उतरतो आणि अलीकडे ते पुन्हा अंगात घालून साहेबापुढे उभा राहतो. साहेब विचारतो, कुठले? सगळे म्हणतात, इथलेच. झालं. कागदोपत्री करंजपाड्यात करंजाची झाडं उरतात, आणि ती मोजायला वनखात्याचा माणूस वेगळा असतो.

सुनिता त्या पाड्याची ग्रामपंचायत सदस्य. तिला नदीवर साकव हवा होता. साकव म्हणजे काही मोठा पूल नव्हे; दोन माणसं शेजारी चालतील, मोटारसायकल आरडाओरडा करत जाईल, एवढा कठडेवाला लहान पूल. भाषणात ती पाड्याच्या विकासाबद्दल बोलायची, कारण भाषणात तसं बोलावं लागतं. खरं कारण तिची मुलगी प्रगती. ती आठवीत होती. नदीला पाणी चढलं की शाळा अलीकडे आणि घर पलीकडे, म्हणून पावसाळाभर तिला बाजारातल्या एका ओळखीच्या घरी ठेवावी लागे. ते लोक प्रेमळ होते, असं तेच सांगत. प्रगती तिथे शाळेआधी भांडी घासायची आणि शाळेनंतर पोरं सांभाळायची. दिवाळीला घरी आली की आईला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसे. सुनिताच्या ते डोळ्यांत खुपायचं. पुढचा पावसाळा पोरीने आपल्या घरात झोपून काढावा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी लागेल तेवढा विकास झाला तरी तिची हरकत नव्हती.

तिच्या अर्जाला उत्तर ठरलेलं होतं. पलीकडे कायम वस्ती असेल तर साकव, आणि पलीकडे वस्ती असल्याची नोंद नाही. शेवटी हे भांडण कुठून तरी वर गेलं आणि भाताची कापणी चालू असताना बातमी आली, की जिल्ह्याच्या कचेरीतले गोडांबेसाहेब स्वतः येऊन डोळ्यांनी पाहणी करणार. वस्ती दिसली तर साकव, नाही दिसली तर विषय बंद. कायमचा.

सरपंच हिरू म्हणाला, "बघू." तो सगळ्यालाच बघू म्हणायचा आणि मग दुसरीकडे बघायचा. सूत्रं हातात घेतली प्रितेशने.

प्रितेशची वडिलोपार्जित चिकूची वाडी चिखल्याला, समुद्राकडे. खडशेतला त्याने नदीकाठी चार खोल्या बांधून त्यांना 'रिव्हर टच' असं नाव दिलं होतं. नदी खोल्यांना फक्त पावसाळ्यात टच करायची, पण तेव्हा पार पलंगापर्यंत करायची. गावात कुणी मोठा माणूस येणार म्हटलं की त्याचं स्वागत आपल्या अंगणात झालं पाहिजे, अशी प्रितेशची श्रद्धा होती.

"सुनिताताई, हे बघा," तो म्हणाला, "माणूस दिसायला पाहिजे. ताकद दिसायला पाहिजे. साहेब गाडीतून उतरला की समोर नुसती गर्दी. तारपा लावा. सगळा पाडा आणा."

"सगळा?"

"म्हातारी, लेकुरवाळी, सगळी. एक माणूस मागे राहता कामा नये. साहेबाला वाटलं पाहिजे, बापरे, एवढी वस्ती!"

"आणि जेवण?"

"जेवण माझ्याकडे. त्याची काळजी सोडा."

सुनिता बारावी शिकलेली, चार सभा गाजवलेली. तिलाही ते पटलं. हे पुढे तिने कुणापाशी नाकारलं नाही. साहेब येणार म्हणजे आपण जायचं, हे तिच्या हाडातच होतं. त्यात प्रितेशने जेवणाचा शब्द घातलेला. दोन संध्याकाळी ती घराघरांतून फिरली. कापणी एक दिवस थांबवा म्हणाली. रखमाबाई नावाची एक थकलेली म्हातारी येत नाही म्हणाली, तिलाही सोडलं नाही.

"माना चालवत नाय गो बाय," रखमाबाई म्हणाली; पाड्याच्या बोलीत माना म्हणजे मला. "मी हितंच बसते. साहेबाला सांग, एक डोकी घरी हाय."

"घरी बसलीस तर तुला कोण मोजील, आजी?"

नवीन नावाचा गडी होता, पाड्यातला सगळ्यात उंच आणि रुंद. त्याने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि प्रश्न मिटवला.

पाहणीच्या दिवशी पाडा सकाळीच नदी उतरला. पावसाळा सरला होता तरी मधल्या धारेत पाणी कमरेला लागत होतं. काकड्या म्हातारा तारपा डोक्यावर आडवा धरून पुढे. तारपा म्हणजे भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचं लांबलचक वाद्य, ते भिजलं की मूग गिळून बसतं. मागे बायका, पोरं, पोरांच्या मागे कुत्रीसुद्धा. घरांना कड्या घातल्या, कोंबड्या झाकल्या. 'रिव्हर टच'च्या अंगणात एवढी गर्दी झाली, की प्रितेशला आपल्या हिरवळीची चिंता वाटू लागली आणि त्याने बायकांना कडेकडेने बसायला सांगितलं.

गोडांबेसाहेब उशिरा आले. पांढरे बूट, पांढरी टोपी, आणि हातात एक पेटी. पेटीत ड्रोन होता. खात्याने तो नुकताच घेतला होता आणि साहेब तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. नारळ, शाल, गुच्छ झाला. तारपा सुरू झाला. काकड्या मध्ये वाजवत फिरू लागला आणि त्याच्याभोवती बायकापुरुषांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरला. साहेबांचा चेहरा उजळला.

"वा! मलाही यात एक फोटो पाहिजे हां, प्रितेशजी. आमच्या जोशीने जव्हारचा टाकलाय ग्रुपवर, फेटा बांधून. कमेंट बघा त्याला किती."

"घेऊ ना साहेब! फेटा आणून ठेवलाय."

"आधी काम," साहेब म्हणाले. कर्तव्य त्यांना फोटोपेक्षा किंचित पुढे होतं. "कुठे आहे ती तुमची पलीकडची वस्ती?"

"ती काय, झाडांमागे," सुनिता म्हणाली. "चला, दाखवते. पाणी कमरेएवढंच आहे."

साहेबांनी नदीकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहिलं. "त्याची गरज नाही. आता टेक्नॉलॉजी आहे."

ड्रोन घोंघावत उडाला. फेरातली पोरं हात सुटून त्याच्या मागे धावली. तो नदीवरून गेला, करंजांवरून गेला, आणि साहेबांच्या हातातल्या पडद्यावर पाडा दिसू लागला. कुडाच्या भिंती, कौलं, बंद दारं. अंगणात कुणी नाही. वाटेवर कुणी नाही. शेतात अर्धवट कापलेलं भात आणि तिथेही कुणी नाही. साहेबांनी ड्रोन खाली आणला, पुन्हा वर नेला. एका टोपलीखालून निसटलेला कोंबडा तेवढा दिसला. त्याने वर पाहिलं आणि तोही आत गेला.

"हं," साहेब म्हणाले. "स्ट्रक्चर्स आहेत. वस्ती नाही."

सुनिताला आधी कळलंच नाही. "काय नाही?"

"वस्ती. राहती माणसं. गुरांचे गोठे असतील, हंगामी झोपड्या असतील. भर दिवसा एक माणूस दिसत नाही म्हणजे काय? चूल नाही, धूर नाही."

"साहेब, माणसं इथं आहेत ना! ही बघा!" सुनिताने अंगणभर हात फिरवला.

"तेच म्हणतोय मी. माणसं इथे आहेत." साहेबांना आपलं म्हणणं तिला इतक्या लवकर पटलेलं पाहून बरं वाटलं.

"अहो, ती तिकडची आहेत. तुमच्यासाठी आली."

"कशी आली?"

"चालत. नदीतून."

"म्हणजे येता येतं." साहेब प्रितेशकडे वळले. "मग साकव कशाला?"

प्रितेश हसला. त्याला साहेब विनोद करतायत असं वाटलं. मग त्याला ते तसं नाही असं वाटलं, आणि मग 'रिव्हर टच'समोर साकव झाला तर पाहुण्यांच्या फोटोत तो मध्ये येईल, हेही त्याला त्या एका क्षणात सुचलं असावं. कारण तो म्हणाला, "ताई, आता साहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय. जेवून घेऊ या आपण."

"डोळ्यांनी कुठं? पंख्यानं पाहिलं!"

"सुनिताताई, जरा..."

"जरा काय शेठ? तुम्हीच म्हणालात, एक माणूस मागे ठेवू नका. म्हातारी घरी बसते म्हणाली तिला उचलून आणली मी! ती बसली असती तर निदान एक डोकी दिसली असती!"

रखमाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "मी सांगत होते."

साहेब ड्रोन उतरवून त्याच्या पंखांवरची धूळ फुंकत होते. बॅटरी संपली होती. दुसरी डहाणूला राहिली होती. अंगणात तारपा चालूच होता, कारण काकड्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. तो गोल फिरत होता आणि फेर त्याच्याबरोबर फिरत होता. तारप्याचा एकच कायदा आहे. वाजवणारा जिकडे वळेल तिकडे फेर वळतो. तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही, का चाललोय म्हणून विचारत नाही. मालकाचं, सरपंचाचं, साहेबाचं त्यापुढे चालत नाही. अख्ख्या तालुक्यात इतकी निमूट शिस्त दुसऱ्या कुठल्या खात्यात नसेल.

सुनिता फेर तोडून आत शिरली आणि काकड्याच्या कानाशी ओरडली, "बाबा, घरी चल!"

काकड्याने गाल फुगलेलेच ठेवून डोळ्यांनी विचारलं, आता? जेवणाआधी?

"आता. वाजवत चल."

म्हातारा वळला. अंगणाच्या पायऱ्या उतरला, नदीकडे निघाला. फेर उलगडत लांब झाला आणि त्याच्यामागे उतरला. हिरवळीच्या कडेकडेने बसलेल्या बायका उठून त्यात मिसळल्या. नवीनने रखमाबाईला पुन्हा पाठीवर घेतलं. प्रितेश "अरे, अरे, जेवण!" करत धावला, पण हात गुंफलेल्या माणसांच्या साखळीला कुठे धरायचं ते त्याला कळेना. मधल्या धारेत काकड्याने तारपा डोक्यावर घेतला. सूर तुटला, साखळी तुटली नाही. पलीकडच्या वाळूवर पोचल्यावर त्याने भोपळ्यातलं पाणी झटकलं, दोन-चारदा फुंकून पाहिलं, आणि एक ओला, सर्दी झाल्यासारखा सूर निघाला. फेर पुन्हा गोल झाला.

अलीकडच्या काठावर साहेब, प्रितेश, सरपंच हिरू आणि पातेलीभर पुलाव उरला.

"आता करा पाहणी," सुनिता म्हणाली. ती मागे थांबली होती. "दिसतेय ना वस्ती?"

"बॅटरी नाही," साहेब म्हणाले.

"डोळे आहेत."

"एवढ्या लांबून मी सर्टिफाय करू शकत नाही."

"बरं. मग राहू द्या. फोटोचं तेवढं वाईट वाटतं." सुनिताने पदर खोचला. "फेर तर तिकडे गेला. आता उतरतीचा सूर लागलाय, संपेल थोड्या वेळात."

उतरतीचा सूर वगैरे काही नसतं. पण गोडांबेसाहेब डॉक्टरेट केलेले होते आणि संस्कृतीच्या बाबतीत कुणी काही सांगितलं की ते मान डोलवत. त्यांनी पलीकडे फिरणारा फेर पाहिला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर फेट्यातला जोशी आला असावा.

"बूट भिजतील," ते म्हणाले. आवाज बराच मऊ होता.

"नवीन!" सुनिताने पलीकडे हाक मारली. "पाठ घेऊन ये!"

अशा रीतीने खडशेतच्या इतिहासात प्रथमच मोजणारा माणूस नदीत उतरला, म्हणजे त्याला घेऊन दुसरा उतरला. साहेब नवीनच्या पाठीवर, डोक्याला गुलाबी फेटा, बूट छातीशी कवटाळलेले. मागून प्रितेश मोबाईल उंच धरून. बाजूने सुनिता. मधल्या धारेत नवीन थांबला.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"दगड हलतोय."

"मग दुसऱ्या दगडावर पाय ठेव!"

"त्योच शोधतोय. पाऊसपाण्यात दगड जागा बदलतात साहेब. माझी बायको पोटुशी होती तवा असाच हितं उभा होतो मी. लई वेळ."

"तिला... तिलाही असंच नेलंत?"

"नाय. ती तुमच्यापेक्षा हलकी होती. पण तुमच्यासारखी हलत नव्हती."

साहेब हलायचे थांबले. पाणी त्यांच्या मोज्यांना लागलं होतं. नवीनने पाय चाचपला, एक हेलकावा दिला, आणि साहेबांच्या तोंडून बालपणीच्या एका देवाचं नाव निघालं. प्रितेश मागून म्हणाला, "साहेब, इकडे बघा, स्माइल!" हा फोटो नंतर ग्रुपवर गेला नाही.

पलीकडे गेल्यावर मात्र सगळं यथासांग झालं. साहेब फेरात नाचले, म्हणजे सगळे डावीकडे जात होते तेव्हा उजवीकडे जाण्याचा प्रयत्न करत होते. मग सुनिताने त्यांना घराघरांतून फिरवलं. कड्या निघाल्या, चुली पेटल्या, सकाळपासून झाकलेल्या कोंबड्या बाहेर पडून साहेबांच्या बुटांची ओळख करून घेऊ लागल्या. एका घरात खाटेवर निवांत पडलेल्या रखमाबाईने त्यांना विचारलं, "मोजली का माना?" साहेब म्हणाले, मोजली. म्हातारीने कूस बदलली.

परतायची वेळ झाली तेव्हा नवीन शेतात गेला होता. कापणी एक दिवस मागे पडली होती, ती त्याला भरून काढायची होती. बाकीचे गडीही तिकडेच. साहेब काठावर आले, पाण्याकडे पाहिलं, मागे सरले आणि त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला.

"गाडी इकडे घेऊन ये. पलीकडे."

ड्रायव्हर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण साहेबांचं सगळ्यांना ऐकू येत होतं. "रस्त्याने म्हणजे? रस्ता नाहीये... तलासरीकडून वळून ये मग... तिकडूनही नाही? डोंगर? अरे, पण मग ही माणसं जातात कुठून?... मला काय माहीत! ...हो, माणसं आहेत. पुष्कळ आहेत. कायमची. पोरं आहेत, म्हाताऱ्या आहेत, घरं आहेत, चुली आहेत... कोण म्हणालं नाहीत? ...मी म्हणालो असेन, सकाळी म्हणालो असेन!"

सुनिता शेजारी उभी होती. त्यांचं एकही वाक्य तिला नवं नव्हतं. सगळी तिच्याच अर्जांतली होती. तिने त्यांना बाज आणून दिली आणि कोरा चहा दिला.

"तुमच्या वरच्या साहेबांना विचारा ना," ती म्हणाली. "ते काहीतरी करतील."

त्यांनी खरंच लावला फोन. "सर, मी खडशेत. नाही सर, अडकलोय... सर, इथे मोठी वस्ती आहे, प्रत्यक्ष पाहिली. साकव अत्यावश्यक आहे. माझी शिफारस... हॅलो? सर, अत्यावश्यक!" त्यांनी मोबाईल कानापासून दूर धरला. "आवाज कट होतोय म्हणतात. टॉवर पलीकडे आहे ना."

"टॉवर पलीकडेच असतो," सुनिता म्हणाली. "त्या खडकावर चढा. आम्ही तिथूनच बोलतो. आणि शिफारशीपासून परत सांगा, मधलं त्यांना काही कळलं नसेल."

साहेबांनी बूट काढले, खडकावर चढले आणि नदीकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून ओरडायला लागले.